बर्फावर वाट काढणारा : जोसेफ-आर्मां बोंबार्दिए

आमच्या ब्रह्मपुरीच्या मुलांस बर्फ ठाऊक आहे तो यात्रेतील रंगीत गोळ्यापुरता. मे महिन्यात ज्या गावी पारा ४५ अंशांची पायरी ओलांडतो, तेथील शाळेच्या वार्षिकात बर्फावर धावणाऱ्या गाडीच्या जनकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न पालकांच्या मनात आल्यास आम्ही त्यांस दोष देणार नाही. परंतु वाट बंद होणे म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. भामरागडास पर्लकोटा नदीला पूर चढला की पलीकडचा मुलूख जगापासून तुटतो, आणि आजाऱ्यास खाटेवर घालून माणसे ओढे-नाले तुडवीत निघतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा आपल्याच तालुक्यातील लाडजच्या लोकांस नावांतून बाहेर काढावे लागले. आपल्याकडे जे काम पाणी व चिखल करितात, तेच काम कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतात बर्फ करीत असे. आणि तेही तीन महिने नव्हे, नोव्हेंबरपासून एप्रिलच्या सुमारापर्यंत.

त्या प्रांतात माँट्रियल शहराच्या पूर्वेस वाल्कूर नावाचे खेडे आहे. तेथे १६ एप्रिल १९०७ रोजी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा जन्म झाला. इंग्रजी वळणाने त्यांचे आडनाव बॉम्बार्डियर असे उच्चारितात, व त्याच नावाची आगगाड्या व विमाने बांधणारी कंपनी पुढे जगप्रसिद्ध झाली. वडील आल्फ्रेड हे प्रथम शेतकरी होते. पुढे त्यांनी गावात दुकान घातले. घराणे रोमन कॅथलिक, घरची भाषा फ्रेंच, लेकरे पुष्कळ. आर्मां हा त्यांतील थोरला. खेळण्यापेक्षा ते कशाने चालते याचीच त्यास अधिक गोडी. घड्याळांतील चाके व कमानी काढून त्याने लहान लहान गाड्या चालत्या केल्या. अशा मुलाच्या घरी घड्याळे किती दिवस चालू राहिली असतील, हे आम्ही वाचकांच्या तर्कावर सोपवितो.

मुलाचा हात कोठे तरी गुंतून राहावा म्हणून वडिलांनी एक जुनी फोर्ड मोटार त्याच्या स्वाधीन केली. आर्मांने तिचे इंजिन काढिले, ते एका घसरगाडीवर बसविले, आणि इंजिनास विमानासारखा एक मोठा लाकडी पंखा जोडिला. ३१ डिसेंबर १९२२ रोजी, वर्षाच्या शेवटल्या दिवशी, पंधरा वर्षांचा आर्मां आणि त्याचा धाकटा भाऊ लेओपोल्द हे दोघे त्या यंत्रावर बसून वाल्कूरच्या रस्त्याने निघाले. एक भाऊ इंजिन सांभाळीत होता, दुसरा दिशा. घोड्यांशिवाय चालणारी घसरगाडी पाहून गाव थक्क झाले. परंतु त्या गाडीचा पंखा उघडाच फिरत होता. त्याच्या आवाक्यात जो येईल त्याचा हात किंवा जीव जाण्यास क्षणही लागला नसता. वडिलांनी ते पाहिले व यंत्र मोडून टाकण्याची आज्ञा केली. मुलांनी आज्ञा मानिली.

हा प्रसंग पालकांनी दोन वेळा वाचावा अशी आमची विनंती आहे. आल्फ्रेड यांनी मुलाच्या बुद्धीचे कौतुक केले नाही असे नव्हे. इंजिन तर त्यांनीच दिले होते. त्यांनी मुलास यंत्रापासून दूर केले नाही, फक्त जे यंत्र दुसऱ्याच्या जिवास अपाय करील ते रस्त्यावर येऊ दिले नाही. हल्ली आमच्याकडे नववी-दहावीतील मुले बापाची मोटारसायकल घेऊन, मागे दोघांस बसवून, शिरस्त्राणावाचून नागभीड किंवा आरमोरीच्या रस्त्याने भरधाव जाताना आम्ही पाहतो, आणि घरी त्याचे कौतुक होते असेही ऐकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलास गीअरची मोटारसायकल चालविता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाच्या हातून अपराध घडल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आल्फ्रेड यांच्यापुढे असा कोणताही कायदा नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मुलगा धर्मगुरू व्हावा अशी घरच्यांची इच्छा होती. म्हणून त्यास शेरब्रुक येथील सेमिनरीत घातले होते. पण त्याचे चित्त तेथे रमेना. अखेर सतराव्या वर्षी वडिलांची संमती मिळवून तो एका गॅरेजात उमेदवारी करू लागला. नंतर माँट्रियल येथे दिवसा नोकरी व रात्री यंत्रविद्येचे आणि विजेचे वर्ग, असा क्रम चालला. १९२६ साली, एकोणीस वर्षांचा असताना, वडिलांनी दिलेल्या कर्जाच्या आधाराने त्याने वाल्कूर येथे स्वतःचे गॅरेज उघडले. हाताखाली येणारी मोटार दुरुस्त होऊनच जाते, अशी त्याची ख्याती पंचक्रोशीत पसरली. ७ ऑगस्ट १९२९ रोजी इव्होन लाब्रेक या मुलीशी त्याचा विवाह झाला.

हिवाळा आला की मात्र गॅरेज ओस पडे. त्या काळी खेड्यांतील रस्त्यांवरचा बर्फ कोणी काढीत नसे. मोटारी घरात ठेवून लोक पुन्हा घोड्यांच्या घसरगाडीकडे वळत, आणि मोठे वादळ झाल्यास घोडाही पुढे जात नसे. आर्मां हे रिकामे महिने प्रयोगांत घालवी. एक यंत्र करावे, ते बर्फात रुतावे, ते मोडावे, दुसरे करावे, असे कित्येक हिवाळे गेले.

१९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. आंत्रपुच्छाचा दाह पोटभर पसरला होता. शस्त्रक्रियेवाचून उपाय नव्हता, आणि रुग्णालय दूर शेरब्रुक शहरी. रस्ते बर्फाने बुजलेले. ज्या मनुष्याने बर्फावर चालणाऱ्या गाडीसाठी इतकी वर्षे घालविली, त्याच्यापाशी त्या रात्री चालण्याजोगी गाडी नव्हती. मूल दगावले.

या दुःखाविषयी अधिक लिहिण्याचे आम्ही टाळतो. आपल्या दोन जिल्ह्यांत अशी घरे थोडी नाहीत, आणि त्यांपैकी काहींची मुले हे वार्षिक वाचतात.

त्यानंतर एक-दोन वर्षांतच त्यास हवी ती युक्ती सापडली. ती समजण्यास धानाची बांधी डोळ्यांपुढे आणावी. चिखलणीच्या वेळी बैलगाडीचे अरुंद चाक बांधीत रुतते, परंतु तेथेच रुंद फळी टाकिली तर तिच्यावरून माणूस चालत जातो. कारण भार तोच असला तरी तो अधिक जागेवर वाटला जातो. ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावितात तेही याच कारणाने. आर्मांने गाडीची मागील चाके काढून त्यांच्या जागी रबर व कापड यांचा अखंड पट्टा बसविला, त्यावर पोलादाच्या आडव्या पट्ट्या मारिल्या, आणि तो पट्टा फिरविण्यास रबराचे आवरण दिलेले दातेरी चाक योजिले. पुढील चाकांच्या जागी घसरते पाट आले. या रचनेचे पेटंट त्यास १९३७ साली मिळाले. पहिल्या गाडीत सात माणसे बसत, म्हणून तिचे नाव ब-७. पुढे बारा माणसांची ब-१२ आली. १९४२ साली त्यांनी रीतसर कंपनी स्थापिली.

या गाड्या कोणी घेतल्या ते पाहण्यासारखे आहे. डॉक्टर, टपालवाले, धर्मगुरू, रुग्णवाहिका चालविणारे, आणि पुढे मुलांस शाळेत नेणाऱ्या संस्था, हे त्यांचे गिऱ्हाईक. चैनीसाठी कोणी ती गाडी घेत नसे. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यास सैन्याची कामे मिळाली. युद्ध संपले, आणि १९४८ च्या सुमारास क्वेबेक सरकारने खेड्यांतील रस्त्यांवरचा बर्फ काढण्याचे काम हाती घेतले. लोकांची मोठी सोय झाली, पण बोंबार्दिए यांची विक्री एकदम घसरली. दुसरा कोणी असता तर सरकारास शिव्या देत बसला असता. त्यांनी आपले लक्ष जंगलाकडे वळविले. लाकूडतोडीच्या व दलदलीच्या भागात चालेल असा पट्ट्यांचा ट्रॅक्टर त्यांनी तयार केला. १९५३ साली निघालेला मस्केग हा तो ट्रॅक्टर होय. जेथे रस्ता झाला तेथे आपली गरज उरली नाही, मग जेथे रस्ता होणार नाही तेथे जावे, असा हा सरळ हिशेब होता.

एक-दोघांनी बसावे अशी लहान, हलकी गाडी करण्याची त्यांची हौस मात्र पहिल्यापासूनची होती. हलके इंजिन मिळू लागल्यावर ती १९५९ साली सफल झाली. त्याच वर्षी त्यांनी ती ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तरेस लान्सडाउन हाऊस येथे नेली. तेथे फादर मोरिस उइमे हे मिशनरी मूळ रहिवाशांमध्ये काम करीत असत, आणि त्या भागात हिवाळ्यात फिरण्याचे साधन म्हणजे कुत्र्यांची घसरगाडी. नव्या गाडीने कुत्र्यांची जागा घ्यावी म्हणून तिचे नाव स्की-डॉग ठेवण्याचे ठरले होते. ते बदलून स्की-डू झाले. पहिल्या वर्षी अशा २२५ गाड्या विकल्या गेल्या. चार वर्षांत हा आकडा वर्षाला आठ हजारांच्या वर गेला.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. जी गाडी मिशनरी, शिकारी व डॉक्टर यांच्यासाठी केली, ती शहरांतील लोक मौजेसाठी घेऊ लागले. बोंबार्दिए यांस या लाटेचा भरवसा वाटेना. मौजेवर कारखाना उभारिला तर मौज ओसरताच कारखाना बसेल, अशी त्यांची धास्ती असल्यामुळे त्या गाडीचा फार गाजावाजा ते करीत ना. ही लाट कोठवर गेली हे पाहण्यास ते राहिले नाहीत. कर्करोगाने १८ फेब्रुवारी १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांस देवाज्ञा झाली. चाळीसच्या वर पेटंटे त्यांच्या नावे होती.

त्यांच्या मागे ती मौज ओसरली तर नाहीच, उलट इतकी वाढली की गाडीस आवरावे कसे हाच प्रश्न झाला. बर्फाखाली कोणाचे शेत आहे, कोणाची रोपवाटिका आहे, हे वरून दिसत नाही. सर्वत्र सारखेच पांढरे. स्वार कुंपणे ओलांडू लागले, रात्री गावांजवळून कर्कश आवाज करीत जाऊ लागले. गोठलेले तळे वरून सपाट दिसते, पण खाली प्रवाह असेल तेथे बर्फ पातळ असतो, आणि त्याखाली गेलेला मनुष्य क्वचितच वर येतो. हरणे खोल बर्फात आधीच अर्धपोटी असतात. गाडीने हाकलली तर उरलेली शक्ती पळण्यात जाते व ती मरतात. तेव्हा गावोगाव मंडळे निघाली, आणि १९७४ साली क्वेबेकमधील मंडळांचा संघ झाला. आज त्या प्रांतात ३०,००० किलोमीटरांहून अधिक आखलेल्या वाटा आहेत, आणि त्यांचा बराच भाग खासगी जमिनीवरून जातो. मालकाने परवानगी दिली म्हणून वाट आहे. एखाद्या उतावळ्या स्वाराने खुणा सोडून शेत तुडविले व मालकाने परवानगी काढून घेतली, तर पुढील हिवाळ्यात ती वाट सर्वांनाच बंद. वाटेच्या उजवीकडून जावे, शिरस्त्राण घालावे, दिवा लावावा, ताशी ७० किलोमीटरांची मर्यादा पाळावी, दारू पिऊन गाडीस हात लावू नये, असे तेथील कायदे आहेत. सोळा वर्षांखालील मुलास गाडी चालविता येत नाही. पंधराव्या वर्षी गावातून पंखा फिरवीत गेलेल्या आर्मांस हा नियम कसा वाटला असता, असा विचार आमच्या मनात येऊन आम्हांस थोडे हसू आले.

आपल्या ताडोब्यातही असेच नियम आहेत. आखलेल्या वाटेखेरीज गाडी नेऊ नये, खाली उतरू नये, वेग कमी ठेवावा, सूर्यास्तापूर्वी बाहेर पडावे. फाटकाबाहेर आलो की मात्र आपण ते विसरतो. ब्रह्मपुरी वनविभागातील रस्त्यांवरून वाघ, अस्वल व चितळ रात्री पलीकडे जातात. त्यांस फाटक कोठे संपते हे माहीत नसते. तसेच पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असता मोटारसायकल घालणारे वीर आमच्या पाहण्यात आहेत. पाण्याखालचा रपटा तेथे आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही. गोठलेल्या तळ्यावरच्या स्वाराचीही हीच गोष्ट.

बोंबार्दिए यांचे संग्रहालय वाल्कूर येथे आहे. त्यात १९२६ सालचे ते लहानसे गॅरेज जतन करून ठेविले असून, ज्या जागी त्यांनी ते निष्फळ हिवाळे काढिले, ती जागा पाहण्यास दुरून लोक येतात. आता तेथे जाण्याचा रस्ता हिवाळ्यातही उघडा असतो.