खेळणी बनवणाऱ्या माणसाची बाहुली आज जगाला सीपीआर शिकवते!

नॉर्वेतल्या स्टावांगर शहरात आस्मुंड लेर्दाल मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनवायचे. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा एकदा पाण्यात बुडता बुडता वाचला, तो लेर्दाल यांनीच वेळेत बाहेर काढल्यामुळे.

पुढे डॉक्टरांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत सिद्ध केली. पण सराव करायचा कुणावर? लेर्दाल यांनी १९६० मध्ये माणसाच्या आकाराची बाहुली आणली, ‘रेसुसी ॲन’. तिचा चेहरा त्यांनी पॅरिसमधल्या एका अनोळखी तरुणीच्या प्रसिद्ध मुखवट्यावरून घेतला. डॉ. पीटर साफार यांच्या सूचनेवरून छातीत स्प्रिंगही बसवली, त्यामुळे छाती दाबण्याचाही सराव होऊ लागला.

लवकरच ही बाहुली नॉर्वेच्या शाळांत पोचली. १९८१ मध्ये लेर्दाल गेले, पण जीव वाचवायला डॉक्टरच असावं लागत नाही, हे शाळकरी मुलं आजही तिच्यावरच शिकतात.