ट्रम्पेट सगळ्यांनी ऐकलाय, वाजवणारा मात्र कुणाला माहीत नाही : गोष्ट चिक चॉकलेटची

मुरबाड-शहापूरकडच्या हळदीला कधी गेला असाल तर सीन डोळ्यासमोर येईल. अंगणात मांडव, बाहेर खुर्च्या, आणि बँडवाल्यांची नवी गाणी वाजवून झाली की कुणीतरी काका उठून सांगतात, आता जुनं काहीतरी होऊ द्या. मग ‘अलबेला’तलं एखादं गाणं सुरू होतं. ट्रम्पेटवाला गाल फुगवतो आणि ज्यांना नाचता येत नाही तेही एक हात वर करून, जागच्या जागी डुलत भगवानदादा होतात.

भगवानदादांना आपण ओळखतो. गाणी सी. रामचंद्र यांची, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्या काळात या संगीतकाराच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट घेऊन कोण होतं, असं विचारलं तर मांडवातला एकही माणूस उत्तर देणार नाही.

त्याचं नाव चिक चॉकलेट.

हे काही खरं नाव नव्हे. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 चा, गाव गोव्यातलं बार्देश तालुक्यातलं हळदोणे. पोरानं मेकॅनिक व्हावं, चार पैसे सरळ मार्गानं कमवावेत, असं आईला वाटायचं. पोराचं डोकं मात्र वाद्यात.

आता गोव्यातल्या पोराला ट्रम्पेट कुठून सापडला? तर चर्चमुळं. पोर्तुगीजांच्या काळात गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असायची आणि तिथं पोरांना युरोपियन पद्धतीनं संगीत शिकवलं जायचं. पाच रेघांवर लिहिलेलं स्वरलेखन वाचायचं, ते बघून गायचं, व्हायोलिन धरायचं. हेतू एवढाच की रविवारच्या प्रार्थनेला आणि गावच्या फेस्ताला वाजवणारी माणसं तयार व्हावीत. पण त्यातून एक भलतीच गोष्ट घडली. कागदावर लिहिलेलं संगीत समोर आलं की लगेच वाजवू शकणारी माणसं गोव्यात पिढ्यान् पिढ्या तयार होत गेली. गोव्यात तेवढं काम नव्हतं, म्हणून ती मुंबईला आली. धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावांचे कूड होते, म्हणजे गाववाल्यांनी मिळून चालवलेल्या खोल्या. मुंबईत नव्यानं उतरलेल्या माणसाला तिथं पाठ टेकायला जागा मिळायची.

त्याच सुमारास मुंबईत जॅझ आलं होतं. 1935 साली लिऑन ॲबी नावाचा अमेरिकेतला कृष्णवर्णीय कलाकार आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. जॅझ म्हणजे नेमकं काय, तर आपल्या भजनी मंडळावरून समजून घ्या. चाल सगळ्यांना पाठ असते, पण मध्येच पखवाजवाल्याला मोकळं सोडतात आणि तो पाच मिनिटं स्वतःच्या मनानं वाजवून पुन्हा समेवर येतो. जॅझमध्ये हेच ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो सगळे आळीपाळीनं करतात. नोटेशन वाचण्यात तरबेज असलेल्या गोवेकर पोरांना ही मोकळीक नवीन होती. काहींना ती जमली, काहींना नाही. चिकला जमली.

त्याचा देव लुई आर्मस्ट्राँग. तोच घोगरा आवाज, तोच हातात पांढरा रुमाल, तसंच ट्रम्पेट उंच धरून वाजवणं. लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणायला लागले. खरं सांगायचं तर ही पदवी त्याला थोडी महागात पडली असं वाटतं. नक्कल करणारा म्हणून माणसाची ओळख झाली की त्यानं स्वतःचं काय केलं हे बघायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

1945 च्या आसपास तो स्वतःचा बँड चालवत होता, नाव ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’. ताजला लागूनच तेव्हा ग्रीन्स हॉटेल होतं, आज जिथं ताजचा टॉवर उभा आहे तिथं. तिथून हा बँड पुढं ताजमध्ये पोचला. समोर सुटाबुटातले लोक नाचतायत आणि स्टेजवर हळदोण्याचा पोरगा, अशी ती रात्र असायची.

पण हे दिवस टिकणारे नव्हते. महायुद्ध संपलं, गोरे सैनिक परत गेले, 1947 नंतर साहेबही गेला. त्यात 1949 साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. आता दारूशिवाय नाचायला कोण येणार? हॉटेलांची रात्रीची कमाई बसली आणि बँडवाल्यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला.

इथं सिनेमावाले कामाला आले. मुंबईच्या स्टुडिओंत वाद्यवृंद मोठे होत चालले होते. तेव्हा रेकॉर्डिंग म्हणजे जीव मुठीत धरायचं काम. आजच्यासारखं ढोलकी आज, गिटार उद्या आणि गायक पुढच्या आठवड्यात असं नव्हतं. गायक, तबला, व्हायोलिन, ट्रम्पेट सगळे एकाच वेळी, एकाच दमात. शेवटच्या ओळीला एकानं चूक केली की पुन्हा पहिल्यापासून. अशा ठिकाणी कागद बघून बिनचूक वाजवणारा माणूस सोन्याच्या भावाचा. गोवेकर वादक दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात, असे दोन्हीकडं राबू लागले.

सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. शास्त्रीय संगीत शिकलेला माणूस, पण कान उघडे. ‘शहनाई’ (1947) मधल्या संडेच्या गाण्यानं त्यांनी विलायती ठेक्याला हिंदीत घर दिलं होतं. 1950 च्या ‘समाधी’तल्या गोऱ्या गोऱ्या बांक्या छोऱ्याची चाल तर ‘चिको चिको’ या परदेशी गाण्यावरूनच उचललेली. अशा संगीतकाराला चिकसारखा माणूस हवाच होता, आणि चिक त्यांचा सहायक झाला. पुढं मदन मोहन यांच्याकडंही त्यानं ते काम केलं.

आता सहायक म्हणजे चहा सांगणारा नव्हे बरं. संगीतकार पेटीवर चाल ऐकवतो. तिच्या आधी काय वाजेल, दोन कडव्यांच्या मध्ये कोण बोलेल, ट्रम्पेट कुठं घुसेल आणि व्हायोलिनं कुठं गप्प बसतील, हे सगळं कुणीतरी ठरवून प्रत्येक वादकाच्या हातात कागद द्यावा लागतो. त्या काळच्या मुंबईत हे काम मोठ्या प्रमाणावर गोवेकरांकडं होतं. चाल संगीतकाराची, यात वाद नाही. पण आपण गाणं गुणगुणताना सुरुवातीचा तुकडा तोंडानं वाजवतो ना, तो कुणाचा? रेकॉर्डच्या लेबलवर सिनेमाचं नाव, गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव. रेडिओवरही तेवढंच. ट्रम्पेटवाल्यासाठी रकानाच नव्हता.

‘अलबेला’ 1951 चा. यात चिकचं नशीब थोडं उघडलं, कारण तो आणि त्याचा बँड चक्क पडद्यावर दिसतो, झालरीच्या बाह्यांचे लॅटिन अमेरिकन थाटाचे कपडे घालून. सिनेमा तुफान चालला. भगवानदादा रातोरात मोठे झाले (आणि पुढं सगळं गमावून दादरच्या चाळीत आले, ती गोष्ट वेगळी). झालरवाल्या ट्रम्पेटवाल्याचं नाव काय, हे थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांनी विचारल्याचं काही दिसत नाही.

स्वतः संगीतकार व्हायचा प्रयत्नही त्यानं केला. त्याच 1951 साली देव आनंद आणि मधुबालाचा ‘नादान’, मग 1952 चा ‘रंगीली’, 1956 चा ‘कर भला’. मधुबाला पडद्यावर आणि पाटीवर नाव स्वतःचं, आणखी काय पाहिजे? पण गाडी पुढं सरकली नाही. यातली गाणी आज हळदीला कुणी वाजवत नाही. माझं मत विचाराल तर चिकची कमाल दुसऱ्याच्या चालीला अंगडं-टोपडं घालण्यात होती. हे काम हलकं नाही, पण त्याची कदर करायची सवय आपल्याकडं तेव्हा नव्हती.

अँथनी गोन्सालविस हे नाव आपल्याला पाठ आहे, कारण लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गोवेकर गुरूंचं नाव 1977 साली अमिताभच्या तोंडी गाण्यात घातलं. चिकच्या वाट्याला असा शिष्य आला नाही.

एक आठवण मात्र पडद्यावर राहिली. 1966 साली चेतन आनंद यांचा ‘आखरी खत’ आला, राजेश खन्नाचा पहिला सिनेमा. संगीत खय्याम यांचं. त्यात क्लबमधलं एक गाणं आहे, ‘रुत जवाँ जवाँ’. गाणारा कोवळा भूपिंदर सिंग स्वतः पडद्यावर आहे, आणि त्याच्याबरोबर ट्रम्पेट घेऊन उभा आहे चिक चॉकलेट. पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, तो गेला. पन्नाशी नुकतीच गाठली होती.

हे गाणं यूट्यूबवर आहे. भूपिंदरवरून नजर थोडी बाजूला न्या, ट्रम्पेटवाला दिसेल.