कॉर्नेलिया सोराबजी बाई

न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवून शेत गमावलेले एखादे घर आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या माहितीचे असेल. अशाच कागदांशी झगडण्यात ज्या बाईंनी आपले आयुष्य वेचले, त्यांचे चरित्र आज थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

बाईंचा जन्म ता. १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले पाळक. आई फ्रान्सिनाबाई यांनी पुण्यास शाळा चालविली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून कॉर्नेलियाबाई मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. परीक्षेतील क्रमावरून विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या वाट्यास यावयाची, परंतु त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणाने ती नाकारण्यात आली. मग काही इंग्रज हितचिंतकांनी पैसा जमविला आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डास गेल्या. १८९२ साली तेथील बी. सी. एल. ही कायद्याची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पदवी मात्र तेव्हा मिळाली नाही. स्त्रियांस पदव्या देण्याचा नियम तेथे १९२० साली झाला. स्वदेशी परतल्यावर मुंबईची एलएल. बी. (१८९७) व अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा (१८९९) ह्यांत त्या उतरल्या. तरी सनद मिळेना.

आता त्यांच्या खऱ्या कामाकडे वळू. बंगाल व बिहार प्रांतांतील मोठ्या घराण्यांच्या विधवा पडद्यात राहत. परपुरुषास तोंड दाखविणे त्यांस निषिद्ध, आणि वकील तर सारे पुरुष! तेव्हा विधवेच्या नावे गावेच्या गावे असली, तरी तिचा सर्व व्यवहार कारभाऱ्याच्या नाहीतर दिराच्या तोंडून चाले. पडद्याआडून हात बाहेर येई, कागदावर खूण होई. तो कागद मुखत्यारपत्र होता की गहाणखत, हे तिला कोण सांगणार? न्यायालये तिच्या बाजूची होती. पडदानशीन स्त्रीने केलेला दस्तऐवज तिला नीट समजला होता, हे त्याचा लाभ घेणाऱ्याने शाबीत करावे, असा त्यांचा दंडक असे. परंतु तिची तक्रार न्यायालयापर्यंत पोहोचावी कशी?

१९०४ साली बंगाल सरकारने बाईंस कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे नेमले. हे खाते अज्ञान वारसांच्या व विधवांच्या जमीनदाऱ्या सांभाळीत असे. जेथे कोणा अंमलदाराचा प्रवेश नव्हता, तेथे बाई आत जाऊन बसत, कागद वाचून दाखवीत, कारभाऱ्यास हिशेब विचारीत, पोटगी व मुलांचे शिक्षण ह्यांची तजवीज करीत. सुमारे वीस वर्षांत सहाशेंवर स्त्रिया व पोरकी मुले ह्यांस त्यांचे साहाय्य झाले, असे सांगतात.

स्वराज्याच्या चळवळीस मात्र त्यांनी कडवा विरोध केला व लोकप्रीतीस त्या मुकल्या. त्यांचे ते मत आम्हांस मान्य नाही.

१९२३ च्या कायद्याने स्त्रियांस असलेली वकिलीची मनाई उठली. लंडनच्या लिंकन्स इन येथून बॅरिस्टर झालेल्या बाई १९२४ साली कलकत्ता हायकोर्टात दाखल झाल्या, तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. तेथेही उभे राहून खटला चालविण्यापेक्षा लेखी अभिप्राय देण्याचेच काम बहुधा त्यांच्याकडे येई. १९२९ साली त्या निवृत्त झाल्या. पुढे लंडनास त्यांचे वास्तव्य झाले, आणि १९५४ च्या जुलै महिन्यात तेथेच त्या निवर्तल्या.