विभावरी शिरूरकर : टोपणनावापासून ‘बळी’पर्यंत

या घटकात आपण विभावरी शिरूरकर या लेखिकेचा परिचय करून घेणार आहोत. अनुभव कोठून आला, तो कोणत्या नावाने मांडला गेला आणि पुस्तकरूपाने येण्यास त्याला किती काळ लागला, हे तीन प्रश्न वाचताना आपण मनाशी ठेवावेत.

विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्यांचा जन्म १९०५ सालचा. माहेरचे नाव बाळूताई खरे. वडील अनंतराव खरे हे पुणे जिल्ह्यातील घोडनदी, म्हणजेच शिरूर येथे शिक्षक होते. मुलींनी शिकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. बाळूताईंचे शिक्षण महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेत झाले आणि पुढे पुण्याच्या कन्याशाळेत त्या शिकवू लागल्या. वडिलांचे ऋण त्यांनी ‘खरेमास्तर’ (१९५३) या पुस्तकात नोंदविले आहे.

त्यांच्या आरंभीच्या लेखनाची प्रेरणा या शिक्षणक्षेत्रातच सापडते. शिकलेल्या, नोकरी करून घर चालविणाऱ्या, पण विवाह लांबलेल्या तरुण स्त्रिया त्या रोज पाहत होत्या. या स्त्रियांच्या मिळकतीवर घर उभे होते. त्यांच्या इच्छांविषयी मात्र कोणी बोलत नव्हते. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या कथासंग्रहात मालतीबाईंनी नेमके तेच लिहिले. ह. वि. मोटे यांनी तो टोपणनावाने प्रकाशित केला आणि महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. लेखिका कोण, याविषयी तर्कवितर्क सुरू झाले.

या टोपणनावाची घडण पाहा. ‘विभावरी’ म्हणजे रात्र, तर ‘शिरूरकर’ या आडनावात गावाच्या नावाला ‘कर’ हा प्रत्यय लागला आहे. नावाच्या पहिल्या भागाने चेहरा झाकला जातो, दुसऱ्या भागाने गावाशी असलेले नाते राखले जाते, असे म्हणता येईल. शिक्षिकेच्या नोकरीत राहून असे लिहिणाऱ्या स्त्रीला त्या काळी या आडोशाची गरज होती. टीकेनंतरही त्या थांबल्या नाहीत. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आणि १९३५ मध्ये ‘विरलेले स्वप्न’ प्रसिद्ध झाले.

यानंतर त्यांच्या जीवनात सोलापूर येते. कन्याशाळा सोडल्यावर त्यांनी येथील गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत शिक्षणविषयक काम स्वीकारले. सोलापुरात या परिसराला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरविणाऱ्या ब्रिटिश कायद्याने येथे अनेक कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेवली होती. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. परवानगीवाचून बाहेर जाणे हाही गुन्हा होता. येथे सुमारे तीन वर्षे मालतीबाईंनी हे जीवन जवळून पाहिले. याच काळात, १९३८ मध्ये, ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

या अनुभवावर आधारलेली ‘बळी’ ही कादंबरी मात्र १९५० साली प्रसिद्ध झाली. पाहणे आणि प्रकाशन यांत सुमारे दहा वर्षांचे अंतर आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’मधील दुःख लेखिकेच्या स्वतःच्या वर्गातील होते. ‘बळी’तील मांगगारुडी समाजाचे जीवन तिला बाहेरून, तेही सरकारी अधिकाराच्या जागेवरून दिसले होते. अशा जीवनावर लिहिताना दया दाखविण्याचा किंवा उपदेश करण्याचा मोह सहज होतो. म्हणून हे अंतर विचारात घेण्यासारखे आहे. कादंबरी आली तेव्हा ‘गुन्हेगार जमात’ ही संज्ञा देशाच्या कायद्यात अद्याप होती. तो कायदा देशभरातून १९५२ मध्ये रद्द झाला.

१९८१ मध्ये मुंबईत भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मालतीबाईंनी भूषविले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

आपल्यापैकी अनेकजण नोकरी व संसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. मालतीबाईंच्या लेखनाची सामग्रीही त्यांच्या नोकरीतूनच आली, हे लक्षात घ्या. आता ‘कळ्यांचे निःश्वास’मधील एक कथा आणि ‘बळी’चे एक प्रकरण शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत निवेदन करणारी व्यक्ती पात्रांपासून किती दूर उभी आहे, हे उदाहरणांसह आपल्या वहीत लिहा.