रेव्हरंड टिळक : श्रद्धेची किंमत

नागपूरहून निघालेली आगगाडी भंडारा रोड, तुमसर, गोंदिया ही आपल्या ओळखीची स्थानके मागे टाकून राजनांदगावला पोहोचते. १८९३ साली राजनांदगावच्या अशाच एका प्रवासात कवी नारायण वामन टिळक यांच्या हाती एका सहप्रवाशाने बायबलचा नवा करार ठेवला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने चित्पावन ब्राह्मण कुळात १८६१ साली जन्मलेल्या या सत्यशोधकाच्या मनाची पकड घेतली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मोठी किंमत मोजली. ज्या जातीने मान दिला, तिनेच पाठ फिरविली. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू दुरावले.

माणसाचे दुःख म्हणजे गतजन्मीच्या पापाचे फळ, हे रूढ धर्माने शिकविले होते. ख्रिस्ती श्रद्धा तसे म्हणत नाही. तिच्या मते देव स्वतःच क्रूसावर यातना भोगतो. म्हणून सत्यासाठी सोसलेले दुःख ही शिक्षा नसून प्रभूच्या दुःखातील वाटा होय. टिळकांना या विचाराचा आधार होता.

परंतु लक्ष्मीबाईंचे काय? त्यांनी हा मार्ग निवडला नव्हता. पतीच्या श्रद्धेपायी जिवंतपणी वियोग मात्र त्यांच्या वाट्याला आला. एकाने स्वीकारलेल्या क्रूसाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडला. टिळकांच्या श्रद्धेची खरी कसोटी येथेच होती.

सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाईंनीच विचार केला, की माणसामाणसांतला उच्चनीच भेद देवाने केलेला नाही. त्यांनी जातिभेद टाकला आणि १९०० साली स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकीकत त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात आहे.

टिळक पुढेही सुखात विसावले नाहीत. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा साऱ्यांचा बंधुभाव त्यांना हवा होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

सोसले म्हणून कोणतेही मत खरे ठरत नाही. टिळकांच्या सोसण्याला अर्थ आला तो त्यांनी दुसऱ्याच्या मनाचे स्वातंत्र्य राखले म्हणून. धर्मांतराची झळ आपल्याही घरांनी सोसली आहे. एखाद्या घरात म्हातारी आई किंवा नवी सून अजून जुन्या देव्हाऱ्याशी अडून बसली असेल, तर तिला हिणवू नका. तिला समजावून सांगा, विचार करू द्या आणि वाट पाहा.