नोकरी गेली, दंड भरला, पण र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचा विषय सोडला नाही

महर्षी धोंडो केशव कर्वे सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव मात्र आजही जरा दबक्या आवाजात घेतलं जातं. कारण त्याचा विषयच तसा होता.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म 1882 सालचा. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्या काळी अशा बातमीचं कुणाला नवल वाटत नसे, इतकं ते नेहमीचं होतं. पोरगा हुशार निघाला. 1899 ला मॅट्रिकला पहिला आला, पुढे गणिताचा प्राध्यापक झाला, पॅरिसलाही शिकून आला.

1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं तेही याच वर्षी. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती! पत्नी मालतीबाई या कामात सोबत होत्या. दोघांनी स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं.

याची किंमत मोजावी लागली. विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचं. नोकरी किंवा प्रचार, एकच निवडा असा पेच आला आणि 1925 ला नोकरी गेली. 1927 च्या जुलैमध्ये कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. लैंगिक शंकांना त्यात सरळ उत्तरं असायची. अश्लीलतेचे खटले झाले. पहिल्यात 100 रुपये दंड. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी हरले, 200 रुपये दंड झाला. मासिक पुन्हा सुरूच.

त्या वेळी बाईच्या हातात साधनं कोणती होती? रबरी टोपी, स्पंज, शुक्रजंतू मारणारी रसायनं. सगळा भर वाट अडवण्यावर. हार्मोन्सचा मार्ग नंतर आला. कर्वे 14 ऑक्टोबर 1953 ला गेले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत गोळीच्या संशोधनाला कॅथरीन मॅककॉर्मिक यांचा पैसा मिळू लागला. गोळीला तिथे मंजुरी मिळाली 1960 मध्ये.

आजची व्हजायनल रिंग त्या गोळीचीच पुढची पिढी. बांगडीसारखी, पण लहान आणि लवचिक. बाई ती स्वतःच योनीत बसवते. नेहमीच्या प्रकारात ती तीन आठवडे आत ठेवून एक आठवडा काढतात. तिच्यातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन झिरपतं, ते रक्तात जातं आणि स्त्रीबीज बाहेर पडणं थांबतं. रोज आठवणीने गोळी घ्यायची कटकट नाही. पण लैंगिक आजारांपासून ती वाचवत नाही, त्यासाठी कंडोमच. रक्तात गुठळ्या झालेल्या असतील, किंवा वय 35 च्या पुढे असून सिगारेट ओढत असाल, तर ही रिंग तुमच्यासाठी नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

कर्व्यांच्या मासिकाचा शेवटचा अंक निघाला 1953 च्या नोव्हेंबरमध्ये. तोवर त्यांना जाऊन महिना झाला होता.