जॉन डिलोरिअन : दोन ‘जीटीओ’ आणि एक स्वप्न

मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे दणकट इंजिन बसवायचे, ही अमेरिकी ‘मसल कार’ची साधी व्याख्या. या परंपरेचा आरंभ बहुतेक जाणकार १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून मानतात. तिच्या निर्मितीत पॉन्टिअ‍ॅकचे तत्कालीन मुख्य अभियंता जॉन झॅकरी डिलोरिअन यांचा मोठा वाटा होता. ६ जानेवारी १९२५ रोजी डेट्रॉइटमध्ये जन्मलेले डिलोरिअन हे फोर्डच्या कारखान्यात राबणाऱ्या एका रुमानियन स्थलांतरिताचे पुत्र. पॅकार्ड कंपनीत अनुभव घेऊन १९५६ मध्ये ते जनरल मोटर्सच्या पॉन्टिअ‍ॅक विभागात दाखल झाले.

मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. डिलोरिअन आणि सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. स्वतंत्र मॉडेल न आणता ३८९ घनइंचांचे इंजिन टेम्पेस्ट गाडीवर जादा पैसे भरून घ्यायचा पर्याय म्हणून दिले. नाव फेरारीच्या शर्यतीच्या गाडीवरून उचलले. ३२५ अश्वशक्तीची ही गाडी बाहेरून बरीचशी साधीच होती. सुमारे ५ हजार गाड्या खपतील असा कंपनीचा होरा होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

वयाच्या चाळिसाव्या वर्षी, १९६५ मध्ये, डिलोरिअन विभागप्रमुख झाले. १९६९ ची ‘जीटीओ जज’ ही त्यांच्या कारकिर्दीची दुसरी खूण. प्लिमथच्या स्वस्त ‘रोड रनर’ला उत्तर म्हणून आखलेली ही आवृत्ती प्रत्यक्षात साध्या जीटीओपेक्षा ३३२ डॉलरने महागच ठरली. ४०० घनइंचांचे, ३६६ अश्वशक्तीचे इंजिन, भडक नारिंगी रंग, पट्टे, मागे पंख आणि दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमातून घेतलेले नाव, असा तिचा थाट होता. त्या वर्षीच्या ७२,२८७ जीटीओंपैकी ‘जज’ केवळ ६,८३३ होत्या. पहिली जीटीओ इंजिनावर विकली गेली. दुसरीत इंजिनाइतकाच देखावाही होता.

१९७३ मध्ये जनरल मोटर्स सोडून डिलोरिअन यांनी स्वतःची कंपनी काढली. ब्रिटिश सरकारच्या पैशावर बेलफास्टजवळ डनमरी येथे कारखाना उभा राहिला. हिंसाचाराने आणि बेकारीने पोळलेल्या त्या भागाला रोजगाराची आशा दिसली. १९८१ मध्ये आलेल्या डीएमसी-१२ ला पोलादाची लखलखती काया आणि वर उघडणारी दारे होती. इंजिन मात्र अवघ्या १३० अश्वशक्तीचे. सुमारे ९ हजार गाड्यांनंतर १९८२ मध्ये कारखाना बंद पडला आणि सुमारे अडीच हजार कामगार रस्त्यावर आले. त्याच वर्षी कोकेन व्यवहाराच्या आरोपावरून डिलोरिअन यांना अटक झाली. १९८४ मध्ये ते निर्दोष सुटले, पण कंपनी सावरली नाही. १९८५ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’ चित्रपटाने तीच गाडी जगभर पोहोचवली. १९ मार्च २००५ रोजी त्यांचे निधन झाले.

जनरल मोटर्समध्ये त्यांच्या धाडसामागे बलाढ्य कंपनीचा पैसा आणि शिस्त उभी होती. डनमरीत तो आधार नव्हता आणि त्याची किंमत कामगारांनीही मोजली.